मुद्रांकन

माझं काम तसं साधं.
सियागंजातल्या पेढ्यांवर जायचं,
किलोचं लोखंडी वजन उलटं करायचं,
बुडाच्या भोकातल्या शिशावर
साल आणि तिमाहीचं अक्षर ठोकलंय का, बघायचं.
नसेल तर पावती, दंड,
आणि गेंदालालजींचा चहा, जो मी घेत नाही.
सतरा वर्षं झाली.
पेट्रोलपंपावर पाच लिटरचं माप धरून उन्हात उभी राहिले,
सराफ्यातला रत्तीला घाम फोडणारा काटा,
तेलाचा डबा, दुधाची पिशवी,
सगळं हाताखालून गेलं.

न गेलेली एकच वस्तू
माझ्याच घरात, रामबागेत,
पोराच्या उशीखाली चार्ज होत होती.

निहार बाराचा.
खेळ सुरू होण्याआधी त्याला जन्मसाल विचारलं.
त्यानं बोटानं चाक फिरवलं,
वर्षं सरसर मागे गेली,
दोन हजार, नव्व्याण्णव, ब्याण्णव,
चाक दमून थांबलं ते त्याचं वय.
माझा मुलगा माझ्या लग्नाच्या आधीचा झाला.
कुणी उलटं करून शिसं पाहिलं नाही.

मग तो एक दादा.
आधी खेळातली तलवार दिली, मग ढाल,
मग शर्ट काढून एक फोटो मागितला, सहज,
भाजीवर मूठभर कोथिंबीर मागावी तसा.
पहिला दिला म्हणून दुसरा.
दुसरा दिला नाहीस तर पहिला सगळ्यांना.
अकरा दिवस निहार ताटात पोहे तसेच ठेवत होता
आणि मी विचारत होते,
जिरावन कमी पडलं का रे?

सायबरच्या खोलीतला शिपाई वाईट नव्हता.
दोन मुली आहेत म्हणाला, पाणी दिलं.
मग पेन उघडून,
"मैडम, फोन दिलाया किसने?"
मी. दिवाळीला. हप्त्यांवर.
त्यानं ते लिहून घेतलं.

सतरा वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला विचारलं नाही,
बाई, तुम्ही घरून वजनं का आणली नाहीत?
साखर नऊशे ग्रॅम भरली
तर आधी काटेवाल्याचं नाव लिहिते.
एवढंच तर.
फार मोठं काही मागत नाही मी.

भाऊजी म्हणतात, सरकार कशाला घरात हवं,
आईबापांनी डोळे उघडे ठेवावेत.
ठेवते, भाऊजी. दोन आहेत.
तिकडे हजार माणसं पगार घेऊन बसलीत
माझ्या पोरानं अजून पाच मिनिटं थांबावं म्हणून.

पण रात्री मलाही झोप येत नाही.
उद्या नियम आला
आणि वय तपासायला निहारचा अंगठा मागितला, चेहरा मागितला,
तर तो ठेवणार कुणाच्या तिजोरीत?
आणि मी माझं खातं ओळखते.
साहेब ओळखते. चहा ओळखते.
शिसं खरवडून जुनं साल नवं करणारे हात
मी स्वतः पकडलेत.
एकदा पकडून सोडलेतही, वरून फोन आला म्हणून.
हे भाऊजींना सांगितलेलं नाही.

रविवारी निहारनं दाराला लावलेलं बाद वजन उचललं,
उलटं केलं.
शिशावरून अंगठा फिरवत राहिला.
"हे तू ठोकलंस?"
हो.
"मग दुकानदार फसवत नाहीत?"
फसवतात.
"मग?"
मग मी परत जाते.
तो बराच वेळ गप्प.
"कधी?"
सांगून जात नाही.